शाळा सुटली, पुढं काय? अकोटच्या पोरांचे ‘पाच ते आठ’ कुणाच्या हातात आहेत?

संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो आणि घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद होतात.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे गाव २०२२ मध्ये या एका गोष्टीमुळं देशभर व्हायरल झालं होतं. कोरोनात ऑनलाईन शाळेच्या निमित्तानं पोरांच्या हातात मोबाईल आला. शाळा उघडल्या तरी तो सुटेना. म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी गावापुढं प्रस्ताव ठेवला, महिलांच्या ग्रामसभेत त्यावर चर्चा झाली आणि ऑगस्ट २०२२ पासून मंदिरावरचा भोंगा सुरू झाला. सातला वाजला की स्क्रीन बंद, साडेआठला वाजला की चालू. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर गप्पा मारायच्या.

तुमच्यापैकी अनेकांनी तो व्हिडिओ शेअरही केला असेल. ‘आपल्या गावात पण पाहिजे’ अशा कमेंट तर ढिगानं पडल्या.

आयडिया भारी आहे, यात वाद नाही. पण ती चालायला काही गोष्टी घरात आधीपासून असाव्या लागतात. सातच्या आत आई-बाप घरी आलेले असावे लागतात. दिवा असावा लागतो, बसायला कोपरा असावा लागतो आणि गणित अडलं तर विचारायला कुणीतरी असावं लागतं. ज्या घरात यातलं काहीच नाही, तिथं भोंगा वाजला की फक्त टीव्ही बंद होतो.

आता हाच भोंगा अकोटला वाजवून बघा.

अकोटची संध्याकाळ

अकोट म्हणजे अकोला जिल्ह्याचं उत्तर टोक. अकोल्यापासून साधारण ४५ किलोमीटर. वर सातपुडा, नरनाळा किल्ला आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प, खाली कापसाचं रान आणि पूर्णेच्या बाजूला सरकलं की खारपाणपट्टा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९२ हजारांच्या वर होती. कापसाची मोठी बाजारपेठ, आजूबाजूच्या खेड्यांचं शाळा-कॉलेजचं गाव. शहरात मराठी शाळा आहेत तशा उर्दू शाळाही आहेत, आणि तालुक्यात मेळघाटातून पुनर्वसन होऊन आलेली कोरकू गावंही आहेत.

शाळा सुटते साधारण पाचला. वावरात निंदणाला, वेचणीला गेलेली आई घरी येते दिवेलागणीला. आल्या आल्या तिला चूल पेटवायची असते. बाप त्याच्या आगेमागे. म्हणजे पाच ते आठ हे तीन तास मोठं माणूस घरात नसतं, किंवा असलं तरी मोकळं नसतं. सुगीच्या दिवसांत तर दहा-बारा वर्षांची मुलगीच घरातलं मोठं माणूस असते. धाकट्याला सांभाळणं, पाणी भरणं, कुकर लावणं, सगळं तिच्याकडं.

या तीन तासांत पोरं काय करतात, यावरून सरळ दोन गट पडतात. एक गट शिकवणीला जातो. दुसरा जात नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ८० व्या फेरीत, म्हणजे २०२५ मध्ये, शिक्षणाच्या खर्चाचं सर्वेक्षण झालं. त्यानुसार देशात साधारण २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी लावतात. शहरात हे प्रमाण ३०.७ टक्के, ग्रामीण भागात २५.५ टक्के. शिकवणीवरचा विद्यार्थ्यामागचा वर्षाचा सरासरी खर्च शहरात ३,९८८ रुपये आणि ग्रामीण भागात १,७९३ रुपये.

हे आकडे देशाचे आहेत, अकोटचे नाहीत. पण त्यांचा अर्थ सरळ आहे. शाळेनंतरचा वेळ आता विकत मिळतो. ज्याला परवडतो तो घेतो, आणि खेड्यातल्या दर चार पोरांमागची तीन पोरं त्या दुकानाबाहेर आहेत. तिथं त्यांना सापडतो मोबाईल. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं होती ५७ टक्के. सोशल मीडियासाठी? ७६ टक्के.

यावर ‘आजकालची पिढी’ म्हणून कपाळावर हात मारणं सोपं आहे. (तसं बघितलं तर हे तुम्ही वाचताय तेही मोबाईलवरच.) पण संध्याकाळी साडेपाच वाजता मोबाईल सोडून अजून काय काय उपलब्ध आहे, हे त्या पोराला विचारून बघा. मैदान? शहरातल्या बऱ्याच मोकळ्या जागांवर पार्किंग नाहीतर गाळे आलेत. वाचनालय? तिथं मोठ्या माणसांची वर्तमानपत्रं असतात आणि ‘शांतता राखा’ची पाटी. अभ्यासिका? त्यावर येतोच, कारण खरी गंमत तिथं आहे.

आपल्याकडं हे आधी नव्हतं का?

होतं. नाव वेगळं होतं.

‘आफ्टरस्कूल प्रोग्राम’ हा शब्द अमेरिकेतून आला असला तरी शाळा सुटल्यावर पोरांनी एका ठिकाणी जमायचं, कुणीतरी दादा किंवा गुरुजी असायचे, खेळ-व्यायाम-गाणी व्हायची, ही पद्धत वऱ्हाडात चांगली शंभर वर्षं जुनी आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलं. या मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. सुरुवात झाली होती आखाड्यापासून, म्हणजे पोरांच्या मोकळ्या वेळेपासून. पुढं राष्ट्रीय स्वयंसेवक संघ १९२५ मध्ये नागपुरात सुरू झाला, राष्ट्र सेवा दल १९४१ मध्ये. दोघांचे विचार दोन टोकांचे, पण दोघांनीही आपली शाखा भरवली ती शाळा-कामाआधी किंवा नंतरच्या मोकळ्या वेळेतच. पोरांचा रिकामा वेळ ही काय ताकद असते, हे त्यांना सरकारच्या आधी कळलं होतं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनंही प्रयत्न केला. पंडित नेहरूंच्या पुढाकारानं १९५६ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय बालभवन सुरू झालं. चित्रं, नाटक, विज्ञान, खेळ, सगळं शाळेबाहेर आणि परीक्षेशिवाय. मुंबईत चर्नी रोडला बालभवन आहे. पण ही कल्पना तालुक्यापर्यंत म्हणावी तशी पोचलीच नाही.

मग ती जागा शिकवणीनं घेतली. यात शिकवणी घेणाऱ्याचा दोष नाही. मागणी होती, त्यानं दुकान टाकलं. फक्त एवढं झालं की शाळेनंतरचा वेळ म्हणजे पुन्हा शाळाच, असं समीकरण बसलं. दिवसभर जे समजलं नाही तेच संध्याकाळी दुसऱ्या बाकावर बसून पुन्हा ऐकायचं.

अभ्यासिका आहेत की!

अकोटच नाही, वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, अभ्यासिका दिसेल. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरतीची पोरं तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. शेतीनं पाठ फिरवलेल्या घरांसाठी ती आशेची जागा आहे, तिची टिंगल करायचं कारण नाही.

पण ती जागा बारावीच्या पुढच्यांसाठी आहे. सहावीतल्या पोराला वाचता येत नसेल तर अभ्यासिकेत त्याच्यासाठी काहीही नाही. आणि ‘असर’च्याच २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांचं जे चित्र आलं होतं ते आठवा. साधारण चारातल्या एकाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं साधं गणित निम्म्याहून जास्त मुलांना सुटलं नाही. म्हणजे गळती अभ्यासिकेच्या दारापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी झालेली असते.

मग निधी अभ्यासिकेच्या इमारतीलाच का मिळतो? इथं एक तांत्रिक कारण आहे, जे फारसं कुणी सांगत नाही. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी हा मुख्यतः टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. सभागृह, वर्गखोली, व्यायामशाळेचं साहित्य, पेव्हर ब्लॉक. त्यातून इमारत उभी राहते, फीत कापली जाते, फोटो पेपरात येतो. पण तिथं रोज संध्याकाळी पोरांसोबत बसणाऱ्या ताईचं मानधन त्या पैशातून देता येत नाही. परिणाम काय, तर गावोगावी कुलूप लावलेली सभागृहं आहेत आणि शेजारच्या पारावर पोरं मोबाईलवर गेम खेळतायत.

शाळेनंतरच्या केंद्रात इमारत ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, कारण ती आधीच बांधलेली असते. जिल्हा परिषदेची शाळा पाचनंतर रिकामीच असते. खर्च आहे तो माणसाचा.

पण याचा उपयोग होतो का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि उत्तर ‘हो, पण’ असं आहे.

पहिला पुरावा उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं ‘प्रथम’ संस्थेसोबत एक प्रयोग केला. (हो, तेच बॅनर्जी-डुफ्लो, ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) काही गावांत फक्त माहिती दिली: तुमची मुलं वाचू शकत नाहीत, शिक्षण समितीचे अधिकार असे आहेत, वगैरे. ६५ गावांत त्याच्या पुढं जाऊन गावातल्याच तरुण पोरापोरींना थोडं प्रशिक्षण दिलं आणि शाळेच्या वेळेबाहेर वाचनाचे वर्ग घ्यायला सांगितलं. पगार नाही, काही नाही.

नुसती माहिती दिल्यानं काहीही बदललं नाही. सभा झाल्या, लोक घरी गेले. पण वाचनवर्गात जी मुलं आली त्यांच्यात फरक पडला, आणि चांगलाच पडला. ज्यांना अक्षरंही ओळखता येत नव्हती, अशी वर्गाला येणारी मुलं वर्षभरात अक्षरं वाचू लागली. शिकवणारे कुणी डीएड-बीएड नव्हते, गावातलेच होते.

आता ‘पण’. वर्गाला येणारी मुलं होती गावातल्या एकूण मुलांच्या जेमतेम ८ टक्के. आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती त्यांच्यातलेही बहुतेक आलेच नाहीत. कुणाला घरची कामं, कुणाला शाळेनंतर पुन्हा शाळा नको, कुणाच्या घरच्यांना त्याचं महत्त्वच वाटलं नाही. पुढं ‘प्रथम’नं उत्तर प्रदेशातच शाळेच्या आवारात, शाळेच्या वेळेत अशीच शिबिरं घेतली, तेव्हा सगळी मुलं आपोआप हाताशी आली आणि परिणाम कितीतरी मोठा दिसला.

जौनपूरचा हा धडा अकोटला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकानं भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. केंद्र उघडलं की पोरं येतील, असं समजू नका. हुशार, घरून पाठबळ असलेली पोरं येतील. जिच्यासाठी उघडलं ती मुलगी घरी भाकरी करत असेल.

दुसरा पुरावा तमिळनाडूचा. कोरोनानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं ‘इल्लम तेडी कल्वी’ ही योजना आणली. अर्थ साधारण ‘शिक्षण तुमच्या दारी’. (हे ऐकून आपल्याकडच्या एका सरकारी योजनेचं नाव आठवलं असेल तर तो योगायोग समजा.) वस्तीतल्याच स्वयंसेवकांनी, ज्यात बहुसंख्य बायका होत्या, संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान तास-दीड तास मुलांना घेऊन बसायचं. साधारण २० मुलांमागं एक स्वयंसेवक, महिन्याला एक हजार रुपये मानधन. पाहता पाहता स्वयंसेवकांची संख्या दोन लाखांच्या घरात गेली.

कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि मॉरिसियो रोमेरो या अर्थतज्ज्ञांनी ग्रामीण तमिळनाडूतल्या जवळपास १९ हजार मुलांचा अभ्यास केला. शाळा बंद असल्यामुळं झालेलं शिक्षणाचं नुकसान मोठं होतं, पण शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत त्यातलं दोन तृतीयांश भरून निघालं. आणि या भरपाईतला साधारण २४ टक्के वाटा एकट्या या संध्याकाळच्या वर्गांचा होता. नुकसान गरिबांच्या मुलांचं जास्त झालं होतं, भरपाईही त्यांचीच जास्त झाली.

जौनपूर आणि तमिळनाडूत फरक काय? तमिळनाडूत मागं सरकार उभं होतं, शाळेशी जोड होती, मानधन थोडं का होईना पण होतं, आणि केंद्र वस्तीतच होतं. मुलीला रस्ता ओलांडून जायचं होतं, एसटी पकडून नाही.

‘दर्जेदार’ म्हणजे नक्की काय?

हा शब्द प्रत्येक पत्रकात असतो, त्यामुळं त्याचा अर्थच उरलेला नाही. अमेरिकेत जोसेफ डर्लाक आणि रॉजर वाइसबर्ग यांनी सहकाऱ्यांसोबत २०१० मध्ये शाळेनंतरच्या उपक्रमांवरचे ६८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांना सापडलेली गोष्ट रोचक आहे. काही उपक्रमांनी मुलांचा आत्मविश्वास, वागणूक आणि मार्क सगळंच सुधारलं. काहींनी काहीच केलं नाही, पोरं आली आणि गेली. चांगल्या उपक्रमांत चार गोष्टी सारख्या होत्या: पायरी-पायरीनं पुढं जाणारी आखणी, मुलांनी स्वतः हातानं करायचं काम, त्यासाठी राखून ठेवलेला पुरेसा वेळ, आणि आज आपण काय शिकतोय याची मुलांनाही असलेली स्पष्ट कल्पना.

म्हणजे सोमवारी कॅरम, मंगळवारी कुणा पाहुण्याचं भाषण, बुधवारी ताई आली नाही, असं चालत असेल तर ते केंद्र नाही, पोरं ठेवायची जागा आहे. (तिचाही उपयोग आहेच, मजुरीला गेलेल्या आईला विचारा. पण मग तिला तेच म्हणावं.)

महाराष्ट्रात हे नीट करून दाखवलेल्या जागा आहेत. पुण्यात कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या मुलांसाठी पालकनीती परिवारानं १९९६ मध्ये ‘खेळघर’ सुरू केलं. नावातच सगळं आलं. तिथं अभ्यास होतो, पण खेळ, कला आणि मुलांशी बोलणं याला तेवढाच मान आहे. मुंबईत ‘डोअर स्टेप स्कूल’ १९८८ पासून वस्तीतल्या मुलांसोबत काम करतंय. शाळेत जाणाऱ्या मुलांचे अभ्यासवर्ग हा त्यातलाच एक भाग, कारण नाव घातलेलं मूल शाळेत टिकवायचं तर संध्याकाळी त्याच्या शेजारी कुणीतरी बसावं लागतं, हे त्यांना लवकर लक्षात आलं.

आणि आपल्या विदर्भातलं उदाहरण तर तुम्ही थिएटरात जाऊन पाहिलंय. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला. सिनेमात अमिताभ बच्चन आहेत, पण मूळ गोष्टीत आहे एक चेंडू, एक मैदान आणि रोज न चुकता येणारा एक सर.

या तिन्ही ठिकाणी सुरुवात इमारतीपासून झालेली नाही. एक मोठं माणूस, जे उद्याही येणार आहे अशी पोरांना खात्री आहे, इथून झाली.

अकोटला करायचं झालं तर?

सगळ्यात आधी, केंद्र शहरात एक मोठं नको. खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, त्यामुळं त्या अकोटला शाळेत येतात. पण शाळा सुटल्यावर त्यांना गावाकडची गाडी पकडायची असते. ती चुकली तर पुढची अंधारात, आणि एकदा अंधार पडून घरी गेली की दुसऱ्या दिवसापासून शाळेवरच प्रश्नचिन्ह लागतं. संध्याकाळचं केंद्र शहरात ठेवलं तर ते आपोआप शहरातल्या मुलग्यांचं केंद्र होईल. म्हणून गावात, वस्तीत, चालत पाच मिनिटांवर. शहरातही तेच: उर्दू शाळेतल्या मुलींसाठी त्यांच्याच मोहल्ल्यात, त्यांच्या भाषेत बोलणारी बाजी असावी. पुनर्वसित गावात कोरकू बोलणारा दादा नसेल तर पहिलीतलं लेकरू शाळेत जसं गप्प बसतं तसंच इथंही बसेल.

जागा शाळेचीच बरी. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात ७५ टक्के पालक असतात. म्हणजे किल्ली मागायला मंत्रालयात जायची गरज नाही, समितीच्या ठरावापासून सुरुवात होऊ शकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेच्या वेळेबाहेर रिकामी इमारत ‘सामाजिक चेतना केंद्र’ म्हणून वापरा, आणि जिल्ह्याजिल्ह्यात बालभवन काढा, असं लिहिलेलं आहे. धोरणात लिहिलं म्हणजे झालं असं नाही, पण मुख्याध्यापकांनी ‘नियमात बसत नाही’ म्हटलं तर समोर ठेवायला कागद आहे.

माणसं कुठून आणायची? अकोटमध्ये सीनियर कॉलेजं आहेत, त्यात एनएसएस आहे. एनएसएसच्या प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास समाजसेवा करायची असते. सध्या त्यातले बरेच तास झाडू मारतानाच्या फोटोत जातात. आठवड्याला तीन संध्याकाळ, दीड-दीड तास धरले तर १२० तासांत सहा महिने निघतात. बारावी झालेल्या, लग्न होऊन गावात आलेल्या किंवा गावातच राहिलेल्या किती तरी मुली आहेत, ज्यांना घराबाहेर पडायला मान असलेलं एक कारण हवं आहे. आणि श्रावणात कावड काढताना, गणपती बसवताना जी मंडळं रातोरात वर्गणी आणि माणसं उभी करतात, त्यांच्याकडं संघटन नाही असं कुणी म्हणू नये.

पण इथं माझं एक स्पष्ट मत आहे. फुकटच्या भरवशावर हे चालवू नये. स्वयंसेवक हवेतच, पण केंद्राची एक ताई किंवा दादा मानधनावर हवा. कारण फुकट काम करणारा माणूस परीक्षा आली की जातो, भरती निघाली की जातो, आणि त्याला थांब म्हणायचा हक्क कुणालाच नसतो. पोरं मात्र दाराशी येऊन परत जातात. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा येत नाहीत.

हिशोब करू. तमिळनाडूचे हजार रुपये आपण तिप्पट करू, म्हणजे महिन्याला ३,००० रुपये. वर्षातले दहा महिने, ३०,००० रुपये. २० मुलांचा गट धरला तर एका मुलामागं वर्षाला १,५०० रुपये. वरचा आकडा आठवतो? ग्रामीण भागात खासगी शिकवणीवरचा सरासरी खर्च १,७९३ रुपये. वह्या, रंग, चेंडू, कंदील-इन्व्हर्टर वरून धरलं तरी खर्च साधारण तिथंच जातो. फरक एवढाच की यात ती मुलगीही बसते, जिचे आई-बाप शिकवणी लावू शकत नाहीत.

हे ३०,००० द्यायचे कुणी? ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातली १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी लागते. ती बऱ्याचदा वर्षाच्या शेवटी घाईघाईत कुठल्यातरी खरेदीत उडते. ग्रामपंचायत विकास आराखडा ठरवायच्या ग्रामसभेत ‘संध्याकाळचं केंद्र’ हा एक विषय मांडायला हरकत काय? लहान गावात हा १० टक्क्यांचा आकडाच किरकोळ असतो, हे खरं. तिथं दोन-तीन गावांनी मिळून किंवा बाजार समिती, पतसंस्था, गावातून बाहेर गेलेल्या नोकरदारांकडून उरलेलं उभं करावं लागेल. कर्नाटकानं २०१९ मध्ये ग्रामीण वाचनालयं ग्रामविकास-पंचायत खात्याकडं दिली आणि मग मुलांना मोफत सभासद करायची मोहीम घेतली. हजारो वाचनालयांत मुलं दिसायला लागली. आपल्याकडं अ, ब, क, ड वर्गाची अनुदानित वाचनालयं खेडोपाडी आहेत. त्यांच्या बालविभागाचं कपाट उघडून बाहेर सतरंजी टाकली तरी अर्धं काम होतं.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको, ती म्हणजे सुरक्षितता. शाळेत निदान मुख्याध्यापक, हजेरीपट, शिपाई असतो. संध्याकाळच्या केंद्रात यातलं काहीच नसतं, आणि चांगल्या हेतूच्या नावाखाली कुणीही आत येऊ शकतं. त्यामुळं कमीत कमी दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. दार उघडं. कोण आलं-कोण गेलं याची वही. शिकवणाऱ्याची पोलिसांकडून पडताळणी. पोक्सो कायदा काय सांगतो हे ताई-दादांना पहिल्याच आठवड्यात समजावलेलं असावं, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांच्या उंचीवर भिंतीला लावलेला असावा. हे सगळं ‘आपल्या गावात कशाला’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि एखादी घटना घडली की दहा गावांतली केंद्रं एकदम बंद होतात.

मोबाईल बंद करायचा का?

माझ्या मते केंद्रात एखादा असू द्यावा. ताईकडं. कोरकू गाण्याचं रेकॉर्डिंग करायला, नरनाळ्याचा नकाशा बघायला, कापसाचा आजचा भाव काढून त्यावर गणित घालायला. १४-१५ वर्षांच्या पोरांना तुम्ही फक्त बाराखडी आणि पाढे देणार असाल तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. या वयाला खेळ लागतो, मित्र लागतात आणि आपलं म्हणणं ऐकणारं मोठं माणूस लागतं. काय करायचं ते त्यांनाच आठवड्याला एकदा बसून ठरवू द्या. कबड्डीवरून भांडणं होतील, होऊ द्या.

सुरुवात कधी करायची, याचंही एक वऱ्हाडी गणित आहे. विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी राज्याच्या नंतर, जूनच्या शेवटी उघडतात. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास जोर धरते आणि मग मोठ्या मुली एकेक करून गळायला लागतात. म्हणजे हाताशी असतात जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने. एवढ्यात पोरांना जागेची सवय लागली आणि आईला भरवसा बसला, तर वेचणीच्या दिवसांतही ती धाकट्याला घेऊन केंद्रात येते. म्हणून धाकट्यालाही येऊ द्यायचं. त्याच्यासाठी एका कोपऱ्यात सतरंजी आणि चार ठोकळे ठेवले, तर पाचवीतली ताई दीड तास वही उघडून बसू शकते.